झोलेड्रोनिक ॲसिड गाठीवर थेट काम करते का? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपली सविस्तर प्रतिक्रिया वाचली. झोलेड्रोनिक ॲसिड या हाडांची झीज रोखणाऱ्या (बिसफॉस्फोनेट गटातल्या) औषधाने कर्करोगाच्या पेशी मरतात हे प्रयोगशाळेत वारंवार दिसलेले असताना मी 'माणसात हे सिद्ध झालेले नाही' असे लिहून एका चांगल्या औषधाला कमी लेखले, असा आपला आक्षेप आहे. रुग्णांचा फायदा दिसत असताना तो कसा होतो याचा काथ्याकूट कशाला, असेही आपण विचारले आहे. शिवाय स्तनाच्या कर्करोगाच्या एका ३८ वर्षांच्या रुग्णाला हे औषध द्यावे का, असाही आपला प्रश्न आहे.

प्रयोगशाळेतले निष्कर्ष मला मान्यच आहेत. हे औषध मेव्हॅलोनेट मार्गातले (पेशीत मेदासारखे पदार्थ बनवणाऱ्या रासायनिक साखळीतले) एक विकर म्हणजे एन्झाइम बंद पाडते, त्यामुळे रास आणि ऱ्हो यांसारख्या प्रथिनांना पेशीपटलावर टिकून राहण्यासाठी लागणारी मेदाची शेपटी जोडली जात नाही आणि पेशीचा कारभार कोलमडतो. हा मार्ग हाड झिजवणाऱ्या अस्थिभक्षक पेशींत आहे तसाच स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींतही आहे, तेव्हा काचेच्या बशीत दोन्ही मरतात यात नवल नाही. प्रश्न मात्रेचा आहे. बशीतल्या पेशी बहुतेक प्रयोगांत १० ते १०० मायक्रोमोलर (द्रावणातल्या तीव्रतेचे एकक) औषधात दोन-तीन दिवस बुडवून ठेवलेल्या असतात. रुग्णाला ४ मिलिग्रॅमचा डोस सलाइनमधून १५ मिनिटांत देतात, तेव्हा रक्तातली पातळी जेमतेम १ मायक्रोमोलरच्या आसपास जाते आणि २४ तासांत त्या उच्चांकाच्या १ टक्क्याच्याही खाली येते. औषधाचा काही भाग लघवीवाटे जातो आणि उरलेला हाडाला चिकटून बसतो. शिवाय हा विद्युतभारित रेणू पेशीपटलातून सहज आत शिरत नाही. अस्थिभक्षक पेशी हाड विरघळवताना तो आपसूक गिळते, तशी सोय यकृतातल्या किंवा फुफ्फुसातल्या गाठीला नाही.

आता रुग्णांच्या फायद्याविषयी. २०१५ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या एकत्रित विश्लेषणात २६ चाचण्यांमधल्या १८,७६६ स्त्रिया होत्या. रजोनिवृत्ती झालेल्या स्त्रियांमध्ये या गटातल्या औषधांमुळे हाडात रोग उलटण्याचे प्रमाण २८ टक्क्यांनी घटले, आणि स्तनाच्या कर्करोगाने १० वर्षांत होणारे मृत्यू १८ टक्क्यांवरून १४.७ टक्क्यांवर आले. हा फायदा मी मूळ लेखातही मान्य केला आहे. मात्र पाळी चालू असलेल्या स्त्रियांमध्ये ठळक फायदा दिसला नाही. औषध गाठीच्या पेशीलाच मारत असते, तर त्या पेशीने बाईच्या पाळीची चौकशी का करावी? इस्ट्रोजेन ओसरल्यावर हाडाची झीज वाढते, त्या झिजेतून बाहेर पडणारे वाढघटक (पेशींची वाढ करवणारी द्रव्ये) हाडात दडून बसलेल्या कर्करोगाच्या पेशींना पोसतात, आणि औषध ती रसद तोडते, हा अर्थ मला अधिक पटतो.

खरे तर माझ्या या मांडणीला सर्वांत अडचणीची गोष्ट आपल्या प्रतिक्रियेत आलेलीच नाही. डेनोसुमॅब हे औषधही अस्थिभक्षक पेशींना रोखते, पण मेव्हॅलोनेट मार्गाला हात लावत नाही. झीज थांबवणे एवढेच पुरेसे असते, तर त्यानेही तेवढाच फायदा व्हायला हवा होता. प्रत्यक्षात ऑस्ट्रियातल्या एका चाचणीत थोडा फायदा दिसला, तर ४,५०९ स्त्रियांच्या डी-केअर चाचणीत हाडात रोग पसरणे त्याने लांबले नाही. याचा अर्थ झोलेड्रोनिक ॲसिड झीज रोखण्यापलीकडेही काही करत असावे; पण ते गाठीच्या पेशीवरच असेल असे नाही. पहिल्या डोसनंतर अनेकांना ताप येतो आणि अंग मोडून येते. मेव्हॅलोनेट मार्ग अडल्यावर साचणारा पदार्थ गॅमा-डेल्टा टी पेशी या रोगप्रतिकारक पेशींना चेतवतो, त्याचा हा परिणाम आहे. गाठीभोवतीच्या मॅक्रोफेज (कण गिळून टाकणाऱ्या प्रतिकारक) पेशीही हे औषध गिळतात, असे प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसले आहे. म्हणजे शोध घ्यायचा तर तो गाठीच्या शेजाऱ्यांमध्ये.

आणि हा काथ्याकूट नव्हे. थेट मारा हे खरे मानले, तर वाटेल त्या वयात आणि वाटेल त्या कर्करोगात हे औषध मागितले जाईल, आणि जबड्याचे हाड कुजणे व मूत्रपिंडावर ताण येणे हे धोके मात्र सगळ्यांच्याच वाट्याला येतील. आपण विचारलेल्या ३८ वर्षांच्या रुग्णाचा प्रश्न इथेच सुटतो. ज्या चाचणीत तरुण स्त्रियांना फायदा दिसला, तीत सर्वांना गोसेरेलिन देऊन पाळी थांबवलेली होती. तेव्हा आपल्या रुग्णाच्या उपचारांत अंडाशयाचे काम थांबवणारे इंजेक्शन आहे का, हे आधी ऑन्कॉलॉजिस्टना विचारावे. असेल तर या औषधाचा विचार जरूर व्हावा, आणि पहिल्या डोसआधी दात तपासून घ्यावेत.

आपला स्नेहांकित