लाखो बिया, मग रोपं कुठे? मोहोळच्या सरांना उत्तर

नमस्कार सर,

तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे, त्यामुळे दोन ओळींत उत्तर उरकणं बरं दिसणार नाही. इतर वाचकांसाठी तुमचे आक्षेप थोडक्यात सांगतो. आमरीच्या, म्हणजे ऑर्किडच्या, एका बोंडात लाखो बिया असू शकतात हे माझं विधान तुम्हाला फुगवलेलं वाटतं. तुमच्या भावाने मळ्यातल्या आंब्यावर अख्ख्या बोंडाची भुकटी चोळली, पण एकही रोप आलं नाही. बी रुजायला बुरशी लागते म्हणावं, तर प्रयोगशाळेत बाटल्यांमधून हजारो रोपं निघतात. आणि शेवटी, हे बांडगूळच आहे, त्याचं एवढं कौतुक कशाला?

आकडा फुगवलेला नाही. डार्विनने एका युरोपीय आमरीच्या बोंडात सुमारे ६,२०० बिया मोजल्या होत्या. ब्राझीलमधून फ्रिट्झ म्युलर या निसर्गअभ्यासकाने मॅक्सिलारिया या आमरीच्या एकाच बोंडाचा हिशेब त्याला कळवला, तो १७,५६,४४० भरला. जातीप्रमाणे एवढा फरक पडतो. पुढे डार्विनने गणित मांडलं: आपल्या त्या आमरीच्या सगळ्या बिया रुजल्या तर एका रोपाची पणतवंडं पृथ्वीवरची जवळजवळ सगळी जमीन व्यापतील. मग यांना अडवतं काय? ते ठाऊक नाही, असं त्याने स्पष्ट लिहून ठेवलं. तुमचा प्रश्न तोच आहे सर, म्हणून तो मला महत्त्वाचा वाटतो.

उत्तर बीमध्येच आहे. जुळे सोलापुरातल्या आमच्या घरी वांडा या आमरीचं एक वाळलेलं बोंड मी पंखा बंद करून काळ्या कागदावर उघडलं. शिवणींवर चिरा पडलेल्या, आत बारीक केसांचा गुंता आणि त्यात फिकट पिवळी भुकटी. हवा दमट-कोरडी होईल तसे हे केस पिळतात, सुटतात आणि भुकटी थोडी थोडी बाहेर ढकलतात. नुसत्या श्वासाने ती कागदावरून सरकत होती. भिंगाखाली एकेक बी म्हणजे जाळीदार लांबट पिशवी आणि मधोमध एक ठिपका. तो ठिपका म्हणजे गर्भ. त्याला ना डाळीसारखी बीजदलं, ना मूळ. हरभऱ्याचा दाणा रोपासाठी शिदोरी घेऊन निघतो, ही बी रिकाम्या हाताने निघते. म्हणूनच ती इतकी हलकी असते आणि वाऱ्यावर लांब जाते. १८८३ च्या ज्वालामुखीच्या उद्रेकात इंडोनेशियातलं क्राकाटोआ बेट उजाड झालं, तरी १८९७ च्या पाहणीत तिथे आमऱ्या सापडल्या होत्या. अर्थात बहुतेक बिया आईच्या आसपासच पडतात.

एवढ्या बिया एकदम का, तेही सांगतो. बहुतेक आमऱ्यांचे परागकण सुटे नसतात, त्यांचे मेणचट गोळे असतात. काडीने फुलाची टोपी उचकटली की तळाच्या चिकट चकतीसकट दोन पिवळे गोळे काडीवर येतात. कीटकाच्या अंगाला ते असेच चिकटतात. बहुतेक फुलांना फळ धरतच नाही, पण नेमका कीटक एकदा आला की सगळा माल एकाच खेपेत पोचतो. कित्येक जातींत तर बीजांडं पूर्ण तयार व्हायला सुरुवातच परागण झाल्यावर होते. प्रत्यक्ष फलन त्यानंतर काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी.

अडवतं काय, याचं उत्तर १८९९ मध्ये नोएल बर्नार या फ्रेंच तरुणाला मिळालं. जंगलात रुजलेल्या आमरीच्या कोवळ्या रोपांत त्याला बुरशी दिसली. बुरशीचे धागे बीमध्ये शिरतात, पेशींत वेटोळी घालून बसतात आणि आमरी ती वेटोळी पचवते. स्वतःची हिरवी पानं येईपर्यंत तिचं पोट त्यावरच भरतं. योग्य बुरशी भेटली नाही तर बी तिथेच संपते. भावाच्या आंब्यावर हेच झालं असणार, शिवाय सालीत ओल टिकली नसेल तर विषयच संपला.

बाटलीतली रोपं याच्या विरोधात जात नाहीत. १९२२ मध्ये लुईस नडसन या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाने दाखवलं की निर्जंतुक आगारमध्ये, म्हणजे समुद्री शेवाळापासून केलेल्या जेलीत, साखर आणि क्षार घातले की बी बुरशीशिवाय रुजते. बुरशीचं काम तिथे साखर करते. कडुनिंबाच्या सालीवर साखर कोण घालणार?

बांडगुळाबद्दल मात्र मी तुमच्याशी ठाम असहमत आहे. बांडगुळाचं फळ फुलटोच्या खातो, चिकट बी फांदीवर पुसून टाकतो, मग तिचं शोषकमूळ लाकडात घुसून झाडाचं पाणी आणि क्षार ओढतं. आमरीची जाड पांढरट मुळं सालीला फक्त धरून असतात. पावसाचं पाणी त्यांच्या बाहेरच्या स्पंजासारख्या थरात टिपलं जातं. खाल्लंच असेल तर तिने बुरशीचं खाल्लं आहे, आंब्याचं नाही. आमरी चढली म्हणून आंबा तोडणं हा निव्वळ अन्याय आहे.

आपल्या सोलापूरकडे पाऊस वर्षाला जेमतेम साडेपाचशे मिलिमीटर, त्यात एप्रिल-मेचं ऊन. तरी वांडा टेसेलाटा ही जात कोरड्या मुलखातल्या आंबा, बाभूळ, कडुनिंबावर तग धरते. तिला खडबडीत सालीची जुनी झाडं लागतात, आणि रस्ता रुंद करताना नेमकी तीच पहिल्यांदा जातात. मला याचा खरंच त्रास होतो.

भावाला पुन्हा करून बघायचं असेल तर पाऊस धरल्यावर, सावलीच्या बाजूला, आधीपासून आमरी असलेल्या झाडावर तिच्या मुळांशेजारी भुकटी लावा. लागणारी बुरशी तिथे असण्याची शक्यता जास्त. रुजलं तरी आधी टाचणीच्या डोक्याएवढा हिरवा गोळा दिसेल, फुलाला काही वर्षं लागतील. मागच्या वेळी भुकटी कोणत्या महिन्यात चोळली होती, आणि त्या आंब्यावर आधीची आमरी होती का, एवढं भावाला विचारून कळवा.