‘पार्लानो’मध्ये जोर ‘पार्’वरच

इटालियन उच्चारांवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. आक्षेप दोन आहेत. इटालियनमध्ये आघात (म्हणजे उच्चारातला जोर) नेहमी शेवटून दुसऱ्या अक्षरावर असतो, मग ‘पार्लानो’ (ते बोलतात) मध्ये मी तो ‘पार्’वर कसा दिला? आणि ‘आस्पेत्तो’ (मी वाट पाहतो) मी आस-पेत-तो असं का तोडलं?

दुसरी चूक माझीच. लिहिताना शब्द तोडायचा झाला तर स पुढच्या व्यंजनाबरोबर जातो, आ-स्पेत-तो. जोड त मात्र आपल्या ‘पत्ता’सारखा फुटतो. लेखात दुरुस्ती केली आहे.

पहिल्याबाबत मी हटणार नाही. बहुतेक शब्दांत आघात शेवटून दुसऱ्यावर असतो, सगळ्यांत नाही. तिसऱ्यावर असला तर त्या शब्दाला इटालियनमध्ये ‘झ्द्रुच्चोला’ म्हणतात, म्हणजे घसरडा! आणि ‘ते’ची वर्तमानकाळी रूपं हे या घसरड्यांचं माहेरघर. ‘पार्लो’ (मी बोलतो) मध्ये जोर ‘पार्’वर, मागे ‘नो’ लागला म्हणून तो जागचा हलत नाही. इटालियन जिच्यातून आली त्या लॅटिनमध्ये या जागी नुसतं ‘न्त’ होतं. ‘कान्तान्त’ (ते गातात) म्हणजे उच्चारात कान्-तान्त, दोनच अक्षरं. पुढे शेपटाला स्वर जोडला गेला, ‘कान्तानो’ झालं, आघात जिथल्या तिथे राहिला. ‘तेलेफोनानो’ (ते फोन करतात) मध्ये तर तो ‘ले’वर, शेवटून चौथ्या अक्षरावर आहे.

‘कापितानो’ म्हणून बघा. ‘का’वर जोर दिला तर ‘घडतात’, ‘ता’वर दिला तर ‘कप्तान’, ‘नो’वर दिला तर ‘त्याने नेतृत्व केलं’. अक्षरं तीच, आणि लिखाणात आघाताची खूण सक्तीची फक्त शेवटच्या रूपात.

थोडा दोष देवनागरीचाही आहे. ‘ला’चा काना दिसला की लघु-गुरू मोजायची सवय असलेले आपण तिथेच सूर ओढतो. काना काढून ‘पार्लनो’ लिहावं, तर स्वरच बदलतो. मीच आघाताचं अक्षर ठळक करायला हवं होतं.

‘वेदेरे’ (पाहणे) मध्ये जोर मधे आणि ‘लेज्जेरे’ (वाचणे) मध्ये पहिल्यावर का, असंही तुम्ही जाता जाता विचारलंय. लॅटिनमध्ये पहिल्यातला मधला ए दीर्घ होता, दुसऱ्यातला ऱ्हस्व. दीर्घ असला की आघात त्यावर, नाहीतर एक घर मागे. पण ‘रीदेरे’ (हसणे) मधला ए लॅटिनमध्ये दीर्घ असूनही ते इटालियनमध्ये जोर पहिल्यावर घेऊन बसलंय. म्हणून ‘एरे’वाली क्रियापदं मी शेवटी एकेक करून पाठच केली.