चिरक आणि दयाळ
दयाळ पक्षी ओळखण्यावरचा तुमचा लेख आवडला, पण त्यातलं "काळा-पांढरा पक्षी शेपटी वर करून बसला की तो दयाळच" हे वाक्य बदला प्लीज, कारण चिरक हा दुसरा पक्षीपण अगदी तशीच शेपटी उभारतो आणि नवीन लोक हमखास तिथेच फसतात. शेपटी उभी असली की तिच्या खाली बघायचं, चिरकाच्या बुडाशी विटकरी तांबडा रंग दिसतो, दयाळाला तो नसतोच, त्याचं पोट पांढरं, पंखावर लांब पांढरा पट्टा आणि शेपटीच्या दोन्ही कडा पांढऱ्या. चिरक नराच्या खांद्यावरचा पांढरा ठिपका बसल्यावर बऱ्याचदा झाकला जातो, उडाला की लख्ख दिसतो. मादी तर लोक बघतच नाहीत हो! चिरकाची मादी मातकट तपकिरी पण बुडाशी तांबूसच, दयाळाची राखाडी, पट्टा मात्र नरासारखाच. जागेवरूनही अंदाज येतो, दयाळाला झाडी नि सावली लागते, चिरक दगडगोटे, बांध, पडक्या भिंतींवर जास्त. आणि तारेवर बसणारा छोटा काळा पक्षी, आखूड शेपटी, कंबर पांढरी, तो गप्पीदास, त्याच्यावरही लिहा ना एकदा, फोटो माद्यांचेपण टाका.