‘पिस्तूल पूर्वीसारखेच अडकते’: आपल्या अभिप्रायाला दुकानाचे उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपण एक तारा देऊन लिहिले आहे की, .२२ बोअरच्या स्पर्धेच्या पिस्तुलाला आम्ही पाच आठवडे लावले, तरीही रॅपिडच्या (झटपट नेमबाजीच्या) फेरीत तिसऱ्या गोळीला ते अडकले, ट्रिगर सांगितल्याइतका हलका झाला नाही, आणि तक्रार घेऊन आल्यावर आम्ही सगळा दोष आपल्या काडतुसांवर ढकलला. यांतल्या पहिल्या दोन बाबतींत चूक आमची आहे, तिसरीत नाही, आणि चौथीबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे.

उशिराचे कारण एवढेच की, रिकॉइल स्प्रिंग (गोळी सुटल्यावर मागे गेलेला बोल्ट, म्हणजे चेंबर मागून बंद करणारा सरकता भाग, पुन्हा पुढे ढकलणारी) परदेशातून यायची होती. हे आम्ही पिस्तूल ठेवून घेतानाच सांगायला हवे होते. ते न सांगता दर आठवड्याला आपल्यालाच फोन करायला लावला, याबद्दल क्षमा मागतो.

आता अडकण्याविषयी. बावीसच्या काडतुसाला मध्यभागी टोपी नसते. पेटणारे मिश्रण पुंगळीच्या (काडतुसाच्या धातूच्या नळीच्या) कडेत भरलेले असते, म्हणून फायरिंग पिन कडेवर आपटते आणि चेंबर (काडतूस बसते ती जागा) रिकामे असताना घोडा पाडला तर काही पिस्तुलांत ती थेट चेंबरच्या तोंडावर बसते. आपल्या पिस्तुलात त्या जागी नखाला लागेल एवढा कंगोरा उठला होता आणि पुंगळी बाहेर येताना त्याला घासत होती. तो आम्ही कानशीने काढला नाही, कारण तिथला धातू कमी झाला की पिनचा फटका बसताना कडेला आधार उरत नाही आणि काडतूस कधी पेटते, कधी पेटत नाही. कंगोरा दाबून पुन्हा जागेवर बसवला. चेंबरमध्ये गोळीवरचे मेण, शिसे आणि काजळी यांचा कडक थर होता, तो काढला. दोनपैकी एका मॅगझिनचे ओठ (काडतूस धरून ठेवणाऱ्या वरच्या कडा) फाकले होते, ते सरळ केले. मग जुनी मऊ पडलेली रिकॉइल स्प्रिंग बदलली आणि रेंजवर १०० काडतुसे झाडून पाहिली. एकही अडकले नाही.

चूक इथेच झाली. ती १०० काडतुसे आमच्याकडची, जास्त वेगाची होती. आपण स्पर्धेत स्टँडर्ड व्हेलॉसिटीची, म्हणजे त्याहून कमी वेगाची, काडतुसे वापरता, हे आम्ही विचारलेच नाही. गेल्या सोमवारी आपण पिशवीत घालून ज्या पाच पुंगळ्या आणल्यात, त्यांतल्या एकीचे तोंड चिमट्यात धरल्यासारखे चपटे झाले होते. याचा अर्थ, बोल्ट पुरता मागे न जाताच परतला आणि पुंगळी बाहेर पडण्याआधी तिला मध्येच धरले. नवी स्प्रिंग कडक, काडतुसाचा धक्का कमी, त्यात डिसेंबरची सकाळ. थंडीत मेण घट्ट होते आणि होती ती ताकदही थोडी कमी पडते. आपली काडतुसे चांगली आहेत. स्प्रिंग त्यांना जुळणारी नव्हती. ‘माल बदला’ हे आमच्या काउंटरवरचे उत्तर चुकीचे होते आणि उद्धटही होते.

ट्रिगरबाबत मात्र मी मागे हटणार नाही. आपण ८०० ग्रॅम मागितले होते. २५ मीटर पिस्तुलाला नियमाने किमान १००० ग्रॅम लागतात. नळी उभी धरून ट्रिगरला वजन टांगतात आणि ते उचलले गेले नाही तर शस्त्र तपासणीतच अडते. ट्रिगरची स्प्रिंग वापराने थोडी सैल होते, म्हणून आम्ही १०३० वर लावून दिले. हाताला जो जडपणा जाणवतो तो बहुतेक वेळा वजनाचा नसतो, ते वजन दोन टप्प्यांत कसे वाटले आहे त्याचा असतो. आपल्या ट्रिगरचा पहिला टप्पा हलका आणि दुसरा जड होता. आम्ही पहिल्यावर भार वाढवला, म्हणजे शेवटचे सुटणे स्वच्छ होते. पहिले काही दिवस हे अनोळखी वाटणे स्वाभाविक आहे. सिअरचा (ट्रिगर दाबेपर्यंत घोडा अडवून धरणाऱ्या भागाचा) पृष्ठभाग घासून ‘मक्खन’ करून द्या, असेही आपण म्हणाला होतात; वरचा कठीण थर पातळ असतो, तो गेला की ट्रिगर महिन्याभरात बदलतो, म्हणून ते काम आम्ही कोणालाच करून देत नाही.

एक गोष्ट इथे जाहीरपणे लिहावी की नाही, याचा विचार केला, पण प्रश्न सुरक्षिततेचा आहे. आम्ही लावलेल्या प्रत्येक स्क्रूवर लाल नेलपॉलिशचा ठिपका देतो. सोमवारी सिअरची पकड ठरवणाऱ्या स्क्रूवरचा ठिपका मधोमध फुटलेला होता. तो कोणी फिरवला, हे मी विचारत नाही. पण ती पकड कमी झाली असेल तर एका दाबात दोन गोळ्या सुटू शकतात. तपासणी होईपर्यंत या पिस्तुलात काडतूस भरू नये, ही विनंती.

आपली जुनी स्प्रिंग पाकिटात, पिस्तुलाच्या क्रमांकासह जपून ठेवली आहे. ती आणि एक मधल्या ताकदीची, अशा दोन्ही लावून पाहू. या वेळी काडतुसे आपल्याच डब्यातली असतील, रेंजवर आपणच झाडावीत, आमचा कारागीर शेजारी उभा राहील. त्याचे शुल्क नाही आणि आम्ही बसवलेल्या कडक स्प्रिंगचे पैसे परत मिळतील. येताना मूळ परवाना, दोन्ही मॅगझिन आणि त्याच लॉटची ५० काडतुसे सोबत आणावीत. बुधवारची सकाळ आपल्यासाठी मोकळी ठेवली आहे.