आईला असिस्टंटच्या चौकटीत बसवा

तुम्हाला तज्ज्ञ मार्गदर्शक व्हायचंय? मग आधी वर्गात शिकवणं बंद करा. ते जमलं असेल तर पुढं वाचा.

मी गेल्या आठवड्यात दोन दिवस कोल्हापुरात एका हॉलमध्ये शिक्षकांच्या प्रशिक्षणाला बसून आलोय. विषय होता ‘सादरीकरण सॉफ्टवेअरच्या साहाय्याने संघटन तक्ता व वंशवृक्ष निर्मिती’. साध्या मराठीत, पॉवरपॉइंटमध्ये चौकटी काढणे. तक्ता मला आला की नाही ते सोडा, पण मास्तर लोकांना कसं शिकवायचं असतं ते मात्र पक्कं कळलं. एवढं ज्ञान एकट्यानं ठेवून काय करू? घ्या.

निरोप ग्रुपवर रात्री साडेदहानंतर टाकायचा. सुरुवातीला ‘अत्यंत तातडीचे’, शेवटी ‘अनुपस्थित राहिल्यास’ एवढंच लिहून तीन टिंबं. पुढचं मास्तर स्वतःच पूर्ण करतो आणि सकाळच्या पहिल्या एसटीनं येतो. गगनबावड्याकडच्या वाडीवर आमची द्विशिक्षकी शाळा आहे. त्यातला एक उचलला की चार वर्ग आणि सत्तावीस पोरं दुसऱ्याच्या गळ्यात पडतात. असल्या बारीकसारीक गोष्टींचा विचार करत बसाल तर मार्गदर्शक होणं विसरा.

उद्घाटनाला दीड तास. पंखा चालू ठेवूनच समई लावायची.

‘प्रत्येकाने लॅपटॉप सोबत आणावा’ असं लिहायला विसरू नका. आमच्या बाकावर पाच जणांत एक आला. त्यातल्या गुरुजींनी शाळेची माहिती घरी जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप करून आणली होती, हॉलच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नव्हता, आणि पडद्यावर ‘मुख्याध्यापक’च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा उकिरडा उमटला. मार्गदर्शक म्हणाले, “आशय समजून घ्या.” घेतला.

आता मुख्य गोष्ट. चौकटी काढायची खरी युक्ती चुकूनही सांगायची नाही. इन्सर्टमध्ये स्मार्टआर्ट, त्यात हायरार्की, त्यात ऑर्गनायझेशन चार्ट. डाव्या बाजूला मजकुराचा छोटा रकाना उघडतो, त्यात नावं एकाखाली एक लिहीत जायचं. एंटर मारला की बरोबरीची नवी चौकट, टॅब मारला की एक पायरी खाली, शिफ्ट धरून टॅब मारला की एक पायरी वर. संपलं. ही सोय २००७च्या ऑफिसपासून आहे आणि सातवीतलं पोरगं चहा उकळेपर्यंत शिकतं. पण चहाच्या आधीच विषय संपला तर दुपारच्या पुलावाचं बिल कशाला लावणार? म्हणून आम्हाला एकेक आयत हातानं ओढायला लावला. आयत झाला की रेघ. रेघ झाली की आयत हलतो. आयत हलला की रेघ जागेवरच, पाहुणे गेल्यावर दारात उभ्या राहिलेल्या पोरासारखी. कनेक्टरची रेघ चौकटीच्या ठिपक्याला चिकटवली तर चौकटीबरोबर फिरते, हेसुद्धा दुसऱ्या दिवसापर्यंत लपवून ठेवा.

मग संघटन तक्ता. सगळ्यात वर शिक्षणाधिकारी, त्यांच्याखाली उपशिक्षणाधिकारी, गटशिक्षणाधिकारी, विस्तार अधिकारी, केंद्रप्रमुख, मुख्याध्यापक, शिक्षक. चौकटी वाढल्या की हे सॉफ्टवेअर आपणहून सगळ्यांची अक्षरं बारीक करत जातं. सगळ्यात खाली ‘विद्यार्थी’ लिहिलं तेव्हा पडद्यावर मुंगी चालल्यासारखं दिसलं. “एवढं बारीक असू दे,” मार्गदर्शक म्हणाले, “महत्त्वाचं वर आलंय ना?”

मी विचारलं, शाळा व्यवस्थापन समिती कुठं घालायची? २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानं त्या समितीत किमान तीन चतुर्थांश पालक सांगितलेत, निम्म्या जागा बायकांना. ती मास्तरच्या वर की खाली? उत्तर मिळालं, “जागा उरली तर बाजूला टाका.” कायदा करणाऱ्यांना स्लाइडची रुंदी कुणी कळवली नसावी.

जाता जाता एक. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क अँड इरी रेल्वेत मॅकॅलम नावाच्या अधिकाऱ्यानं १८५५ साली करवून घेतलेला तक्ता अशा तक्त्यांतला आद्य मानतात. तो खरोखर झाडासारखा आहे. संचालक मंडळ तळाला, मुळापाशी, आणि फांद्या वर पसरलेल्या. साहेब खाली! प्रशिक्षणात हे बोलू नका. मास्तर लोकांच्या डोक्यात काय येईल नेम नसतो.

नंतर प्रत्येकानं आपापल्या शाळेचा तक्ता काढला. माझ्या दोनच चौकटी. एकीत मी, म्हणजे प्रभारी मुख्याध्यापक, क्लार्क, शिपाई आणि खिचडीचा हिशेबनीस. दुसरीत आमच्या बाई. मी दोन्ही चौकटी शेजारी शेजारी ठेवल्या तर गृहपाठ चुकल्यासारखी मान हलली. “शेजारी नाही चालत. त्या असिस्टंट टीचर ना? मग असिस्टंटच्या चौकटीत घ्या.” या तक्त्यात वरच्या चौकटीच्या खांद्याखाली एक चौकट बाजूला लोंबत असते, तिचं नाव असिस्टंट. बाईंना तिथं लोंबवलं. त्या वेळी त्या वाडीवर पहिलीला बाराखडी आणि चौथीला भागाकार एका फळ्यावर शिकवत होत्या.

दुसऱ्या दिवशी वंशवृक्ष. नवं काही शिकवायचं नाही, कालचाच तक्ता पुढं ओढायचा. साहेबाच्या जागी बाप आणि शिपायाच्या जागी पोरं. एक बाई मागच्या बाकावरून म्हणाल्या, “सर, आई कुठं?” सरांनी एक क्षणही न दवडता सांगितलं, “असिस्टंट आहे की मोकळा.”

उदाहरण भोसले घराण्याचं होतं. बाबाजी, खाली मालोजी आणि विठोजी, मालोजींच्या खाली शहाजी आणि शरीफजी. इथपर्यंत गाडी धावली. शहाजीराजांपाशी आली आणि सरांनी जिजाऊंना... निवृत्तीला आलेले एक गुरुजी उभेच राहिले. “काय वो सर, जिजाऊसाहेब असिस्टंट?” सर हसून म्हणाले, “तसं लिहून येत नाही हो तिथं. नुसती जागा आहे.” नुसती जागा! पुढं तुकाबाईंसाठी दुसरी नुसती जागा काढली. आता खाली शिवाजीराजे आणि व्यंकोजीराजे शेजारी शेजारी, दोघांच्या रेघा शहाजीराजांकडून आलेल्या. कोण कुणाच्या पोटचा, ते पोरांनी रंगावरून ओळखायचं म्हणे. जिजाऊंची चौकट गुलाबी केली होती.

आता तुम्ही म्हणाल, सॉफ्टवेअरची मर्यादा आहे, त्यात सरांचं काय चुकलं. बरोबर. या तक्त्यात एका चौकटीला वरून एकच दोरी येते. कंपनीत माणसाला साहेब एक असतो म्हणून तो तसा बनवलाय. माणसाला आईबाप दोन असतात, याला बनवणारा काय करील? पण हे शिकवणारे आपण कोल्हापुरात उभे आहोत एवढं तरी लक्षात ठेवतील की नाही? अहो, या गावाचा इतिहासच मुळी कोण कुणाच्या पोटचा यावर फिरलाय! शिवाजीराजांचे धाकटे चिरंजीव राजाराम महाराज, त्यांचे दोन मुलगे, ताराबाईंचे शिवाजी आणि राजसबाईंचे संभाजी. १७१४ साली ताराबाई आणि त्यांचा मुलगा कैदेत गेले आणि राजसबाईंचा मुलगा गादीवर बसला. तुमच्या तक्त्यात हे दोघं एकाच रंगाचे, एकाच मापाचे, एकाच दोरीला टांगलेले सख्खे भाऊ. पोरानं विचारलं, गुरुजी, मग यांच्यात भांडण कशाचं? काय सांगू? त्या दोन आयांना स्लाइडवर जागा नव्हती म्हणून सांगू?

आणि दत्तक? १८६६ साली कोल्हापूरच्या गादीवर आलेले राजाराम महाराज, हे नंतरचे, दत्तक. ते १८७० मध्ये इटलीत फ्लॉरेन्सला वारले, त्यांच्या जागी आलेले चौथे शिवाजी महाराज दत्तक. तेही १८८३च्या डिसेंबरात गेले. मग मार्च १८८४ मध्ये आनंदीबाई राणीसाहेबांनी कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव दत्तक घेतले, तेच आपले शाहू महाराज. लागोपाठ तीन दत्तक! जयसिंगराव घाटगे आणि राधाबाईंच्या पोटी जन्मलेलं मूल कोणत्या चौकटीखाली लावता, लावा बघू. सरांनी चौथ्या शिवाजींच्या खाली सरळ रेघ मारली. दत्तकविधान झालं तेव्हा ते हयातसुद्धा नव्हते! ज्या बाईनं दत्तक घेतलं ती बाजूला लोंबतेय, ज्या बाईनं जन्म दिला ती स्लाइडवरच नाही, आणि खाली फाइलचं नाव ‘शाहू_वंशवृक्ष_फायनल_२’.

मी म्हटलं, सर, स्मार्टआर्ट सोडून देऊ, सुट्या चौकटी घेऊ, दोन्हीकडून कनेक्टर जोडू, दत्तकाची रेघ तुटक करू. सर म्हणाले, “टेम्पलेट वरून आलंय.”

आमच्या घरी माझ्या लहानपणी सुगी झाली की घराण्याची वंशावळ सांगणारा हेळवी यायचा. सजवलेल्या बैलावर बसून, खांद्याच्या पिशवीत वह्या. आज्जी सुपात जोंधळे घेऊन दारात उभी आणि हा खापरपणज्याच्याही मागची नावं धडाधडा म्हणत जाणार, कोण कुठल्या गावाहून उठून आला, कोण दत्तक गेला, कुणाची सोयरीक कुठं झाली. चुलत्यांपैकी कुणी मधेच “ते नाव चुकलं वो” म्हणालं तर तो वही पुढं करायचा. प्रोजेक्टर नाही, वीज नाही, टेम्पलेट नाही. बैल तेवढा लागायचा.

अभिप्रायाची लिंक जेवणाच्या आधी उघडा. ‘उत्कृष्ट’, ‘अतिउत्कृष्ट’ आणि ‘इतर’ हे पर्याय पुरेत.

शंका घेणाऱ्याला वेळ संपल्याचं सांगा. मी शेवटी एकच शंका विचारली होती. आमच्या तिसरीत एक पोरगी आहे. बाप लहानपणीच गेला, आई ऊसतोडीला, पोरगी आजोळी आज्जीजवळ. ‘माझे कुटुंब’ म्हणून हा तक्ता तिच्या हातात दिला तर सगळ्यात वरची चौकट रिकामी राहते आणि ती रिकामी चौकट पुसली तर आज्जी भलतीकडेच सरकते. काय करू? सर घड्याळ बघत म्हणाले, “वर कैलासवासी लिहायला सांगा.”

आता उपरोध पुरे. मला जमत नाही आणि हसूही येत नाही.

तुम्ही आठ वर्षांच्या पोरीला काय लिहायला लावताय ते तुमचं तुम्हाला ऐकू येतं का? तिला बाप नाही म्हणून मोकळी चौकट दाखवायची आणि ज्या आज्जीनं पहाटे चारला उठून भाकऱ्या थापून पोरगी शाळेत धाडली, तिला असिस्टंट म्हणायचं? आम्ही खडूनं फळ्यावर दोन रेघा मारून हेच पाच मिनिटांत शिकवतो. आज्जी मध्ये, आई तिच्या शेजारी, मामा, मामी आणि पोरांनी हट्ट धरला तर म्हसरूसुद्धा. फळा कुणाला खाली ढकलत नाही. कॉम्प्युटर वाईट नाही, पॉवरपॉइंट वाईट नाही, मीच घरी बसून त्या सुट्या चौकटींचा भोसल्यांचा वंशवृक्ष केलाय, दोन्ही आयांसकट. दोन तास लागले. दाखवणार कशावर? शाळेचा प्रोजेक्टर बिघडलाय, दुरुस्तीचा अर्ज तीनदा दिलाय, तो वरच्या कुठल्या चौकटीत अडकलाय कुणाला ठाऊक नाही. त्याच्यावर घ्या की एखादं प्रशिक्षण!

१९१७ साली याच संस्थानात शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. तेव्हाचा एक रुपया! पोरं आली पाहिजेत म्हणून. आज पोरं येतात वो. पावसात, गुडघाभर चिखलातनं येतात, दप्तर डोक्यावर धरून येतात, आणि मास्तर कुठाय तर कोल्हापुरात चौकट ओढतोय. आता तो रुपया कुणाकडून वसूल करायचा? मला सांगा. मी पावती फाडतो.

परत आलो तेव्हा बाईंचा आवाज बसला होता. दोन दिवस चार वर्ग एकटीनं. काय शिकलात, एवढंच विचारलं त्यांनी. मी त्यांना टॅब आणि शिफ्ट-टॅब दाखवलं. चहा व्हायच्या आत आलं त्यांना.

काल रात्री दहा सत्तेचाळीसला मेसेज आलाय. सोमवारपासून दुसरी तुकडी, उर्वरित शिक्षकांसाठी. त्यात आमच्या बाईंचं नाव आहे.