टोकन नंबर ३७

‘देवाला कधी उशीर होत नाही’ या विषयावर मी चर्चच्या उपासनेत चाळीस मिनिटं बोललो. दिलेली वेळ वीस मिनिटांची होती, पण विषय रंगला. बायबलमधल्या लाजराचा, म्हणजे येशूने मरणातून उठवलेल्या माणसाचा, दाखला घेतला. तो आजारी असल्याचा निरोप मिळूनही प्रभू येशू होता तिथेच आणखी दोन दिवस राहिला, आणि बेथानीला पोचला तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. मार्था म्हणाली, आपण इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. “बघा मार्थेचा उतावीळपणा!” असं मी हसत हसत मंडळीला सांगितलं. लोकही हसले. पुढच्याच गुरुवारी दाढी करताना मानेपाशी बोटाला गाठ लागली.

हरभऱ्याएवढी होती. दुपारपर्यंत शेंगदाण्याएवढी झाली, दिवेलागणीला जायफळाएवढी. बायकोने चाचपून पाहिलं आणि म्हणाली, “अहो, हरभऱ्याएवढीच आहे.” बायकांना अशा वेळी गांभीर्य नसतं.

डॉक्टरांनी सुईने नमुना घेतला. रिपोर्ट चार दिवसांनी. आता चार दिवस म्हणजे काय? अब्राहामाला देवाचं बोलावणं आलं तेव्हा तो ७५ वर्षांचा होता आणि कबूल केलेला मुलगा इसहाक झाला तेव्हा १००. पंचवीस वर्षं थांबला बिचारा. हा हिशेब मी व्यासपीठावरून कितीतरी वेळा मांडलाय. पण अब्राहामाकडे मोबाइल नव्हता, हे कुणी लक्षात घेत नाही. रात्री एक वाजता पांघरुणात तोंड घालून ‘मानेतली गाठ कारणे’ असं शोधायची सोय त्याला असती, तर विश्वासणाऱ्यांचा पिता म्हणून त्याचं नाव झालं असतं का, याची मला शंका आहे. अडीच वाजेपर्यंत मला सात आजार झाले होते. त्यातला एक मेंढरांना होतो असं खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं. आम्ही प्रभूच्या कळपातले, म्हणून तोही धरला.

प्रार्थना केली नाही असं नाही. ‘तू आपला भार परमेश्वरावर टाक’ हे स्तोत्र ५५ मधलं वचन घेऊन गुडघे टेकले, मनापासून भार टाकला, आमेन म्हटलं. आणि उठता उठता हात मानेकडे गेला, टाकलेला भार जागेवर आहे ना ते बघायला. होता. स्टेशनवर सामान ठेवायच्या खोलीत बॅग देऊन दर दहा मिनिटांनी पावती नाचवत परत येणारे प्रवासी असतात ना, “नाही, फक्त बघून जातो” म्हणणारे? देवापुढे माझी तीच गत. एकदा तर मध्येच कूस वळून बॅग परतच घेतली आणि उशाशी ठेवून झोपलो. झोपलो कुठला.

बायकोने दोघींना “यांना प्रार्थनेत धरा” एवढंच सांगितलं आणि संध्याकाळपर्यंत मंडळीभर झालं. फोन सुरू. प्रत्येकाला उपासनेतला माझाच संदेश आठवत होता. माझा संदेश लोकांच्या एवढा लक्षात राहतो हे मला पहिल्यांदाच कळलं, आणि नको तेव्हा कळलं. “तुम्हीच तर म्हणालात, देवाला उशीर होत नाही!” तरुण संघातल्या एका मुलाने रेकॉर्डिंग पाठवलं. खाली ‘फार धीर मिळेल’ असं लिहिलं होतं. मी पाच मिनिटं ऐकलं. फार लांबवलंय.

चौथ्या दिवशी लॅबने सांगितलं, “उद्या.” इथे मला शौल राजा आठवला. संदेष्टा शमुवेल सात दिवसांनी येऊन होमबली अर्पण करणार, तोवर थांबायचं असं ठरलेलं. हा सात दिवस थांबला. समोर शत्रू पलिष्टी, मागे आपलीच माणसं एकेक करून पसार होतायत. शेवटी धीर सुटला, होमबली स्वतःच अर्पण केला, आणि तो उरकतोय न उरकतोय तोच शमुवेल हजर! या उताऱ्यावर शौलाला झोडपणं सोपं आहे, मीही झोडपलंय. पण त्या दिवशी लॅबला अकरावा फोन लावताना मी पूर्णपणे शौलाच्या बाजूचा होतो.

पाचव्या दिवशी दवाखान्यात बसलो. टोकन ३७. आत ३६ नंबरच्या आजी गेल्या होत्या आणि दार किलकिलं होतं. आजींनी दुखणं सुरुवातीपासून घेतलं. सुरुवात मोठ्या मुलाच्या जन्मापासून होती. माझा रिपोर्ट डॉक्टरांच्या टेबलावर, बंद पाकिटात, मला इथून दिसत होता. आजी अजून धाकट्या मुलापर्यंत आल्या नव्हत्या.

आणि मला याईर दिसला. सभास्थानाचा अधिकारी. बारा वर्षांची पोर घरी शेवटचे श्वास घेतेय, येशू बरोबर निघालाय, आणि वाटेत थांबतो. मला कोणी शिवलं? एवढ्या गर्दीत! मग बरं व्हायला त्याला शिवलेली, बारा वर्षं रक्तस्रावाने पिडलेली ती बाई पुढे येते आणि त्याला सगळं खरं खरं सांगते. बारा वर्षांचं सगळं, म्हणजे किती वेळ लागला असेल? शुभवर्तमान लिहिणारा मार्क म्हणतो, पुष्कळ वैद्यांच्या हातून तिचे हाल झाले, पैसा संपला आणि दुखणं उलट वाढलं. (दुसरा शुभवर्तमानकार लूक स्वतः वैद्य, त्याने ‘दुखणं वाढलं’ तेवढं सफाईने गाळलंय.) ती सांगतेय, प्रभू ऐकतोय, याईर उभा. त्या वेळी याईर काय म्हणाला ते शुभवर्तमानात नाही. माझ्या मते ते छापण्याजोगं नसावं. कारण त्याच थांब्यात घरून माणसं आली: मुलगी गेली, आता गुरुजींना कशाला त्रास देता? तेव्हा प्रभू त्याला म्हणतो, भिऊ नको, विश्वास मात्र धर.

हे वाक्य मी अनेकांना म्हणून दाखवलंय. लाकडी बाकावर बसून ते ऐकायला कसं लागतं, हे माहीत नव्हतं.

“सदतीस!”

आजी बाहेर आल्या. चेहरा उजळलेला. मला म्हणाल्या, “डॉक्टर फार चांगले आहेत हो, ऐकून घेतात.”

आत गेलो. डॉक्टरांनी पाकीट फोडलं, वाचलं, म्हणाले, “साधी गाठ आहे. काळजीचं कारण नाही. तीन महिन्यांनी एकदा दाखवून जा.” संपलं. पंधरा सेकंदं. बायको उठलीसुद्धा.

मी बसूनच राहिलो. पाय जरा थरथरत होते. मग म्हणालो, “डॉक्टर, त्याचं असं झालं, गुरुवारी मी दाढी करत होतो…” आणि सुरुवातीपासून घेतलं. जायफळापर्यंत आलो तेव्हा दार किलकिलं झालं. हातात ३८ नंबरचं टोकन घट्ट धरून एक गृहस्थ डोकावत होते. तोंडाने काही बोलले नाहीत.

“दोनच मिनिटं,” मी त्यांना म्हणालो, आणि मेंढरांच्या आजाराकडे वळलो.