खुलासा : एका जागरणानं मेंदू खुंटत नाही

सोलापुरातल्या पालकांच्या ग्रुपवर फिरतंय : ‘मूल एक रात्र जरी दहानंतर जागलं, तरी मेंदूची वाढ कायमची खुंटते.’ हे खरं नाही. गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यात बसून उशिरा घरी आलेलं पोर दुसऱ्या दिवशी किरकिरेल, वर्गात पेंगेल. एक-दोन रात्री नीट झोपलं की ताळ्यावर येईल. वाढीचं संप्रेरक (हार्मोन) गाढ झोपेत जास्त स्रवतं, घड्याळात दहा वाजले म्हणून नव्हे. घोर लावावा तो रोजच्या अपुऱ्या झोपेनं. त्यानं लक्ष, स्मरणशक्ती, वागणं सगळंच बिघडतं. दुपारची डुलकी धरून ३ ते ५ वर्षांच्या मुलांना १० ते १३ तास, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप हवी. मूल रोज मोठ्यानं घोरत असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवा.